मैना चोरटी नव्हती : एका पहिलारू म्हशीचा पान्हा, पारडू आणि माज

मैना चार वर्षांची, मुऱ्हा जातीची पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली म्हैस. घरच्याच म्हशीची वगार (मादी पारडू), त्याच दावणीला वाढलेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती व्यायली. मला बोलावणं आलं चौथ्या दिवशी. फोनवर मालकीणबाईंचं एकच म्हणणं होतं, "डॉक्टर, म्हस लई चोरतीया. सुई मारल्याबिगर थेंब सोडंना. आन् पारडाला तर जवळच येऊ देईना बघा."

कागल तालुक्यात गुरांची डॉक्टरकी करताना 'चोरते' हा शब्द मी हजारदा ऐकला आहे. पान्हा चोरणारी म्हैस लबाड असते, मालकाला जुमानत नाही, तिला वठणीवर आणावी लागते, असा त्यामागचा अर्थ. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही फार खोलात न जाता पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनची सुई देऊन पुढच्या गोठ्याकडे निघत असे. मैनेच्या गोठ्यात जे दिसलं त्यानंतर मला तसं निघता आलेलं नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

लक्ष्मीपूजनाची रात्र

रात्री अकराच्या सुमाराला मैनेला कळा सुरू झाल्या. गल्लीत फटाके चालू होते. पारडाचा एक पुढचा पाय आत दुमडलेला होता, त्यामुळे ते अडलं. शेजारचे चौघं धावून आले. उजेडासाठी ट्रॅक्टर गोठ्याच्या तोंडाशी उभा करून दिवे लावले. एका जाणत्या माणसानं हात घालून पाय सरळ केला, दोरी बांधली आणि चौघांनी मिळून पारडू ओढून काढलं. तेव्हा साडेबारा वाजले होते. पारडू जिवंत निघालं, हे त्या माणसाचं श्रेय, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

पुढं जे झालं तेही सगळं मायेपोटीच झालं. पारडाला थंडी वाजू नये म्हणून ते लगेच उचलून घरात नेलं. कोमट पाण्यानं धुतलं, पोत्यानं खसाखसा पुसून कोरडं केलं आणि चुलीपुढं निजवलं. मैना बुजली होती, शिंगं उडवत होती, म्हणून तिला आखूड दाव्यानं बांधली. वार पहाटे पडली, ती उचलून पुरून टाकली. सकाळी आठ वाजता स्वच्छ, कोरडं, चुलीच्या धुराचा वास लागलेलं पारडू तिच्यापुढं आणलं. तिनं एकदा हुंगलं आणि शिंग रोखलं. कासेकडे नेलं तर लाथ बसली.

धार काढायला बसल्यावर चारही सडांतून दोन-दोन पिळ्या आल्या आणि बंद. कास तर दगडासारखी भरलेली. चीक अडकला तर पारडू मरेल, या भीतीनं कुणीतरी चिठ्ठी नसलेली एक बारकी बाटली आणून दिली. सुई मारली, मिनिटभरात चीक आला, तो बाटलीनं पारडाला पाजला. त्यामुळे पारडू वाचलं, हेही खरं. मग दोन्ही वेळच्या धारेला सुई हाच रिवाज पडला. दूध निघत होतं. पारडावरचा राग मात्र तसाच.

दूध असतं कुठं

गोठ्यात शिरल्यावर मी आधी दडस, म्हणजे कासेची सूज, आहे का ते पाहिलं. ताप १०१.३ फॅरनहाइट, म्हणजे नेहमीसारखा. चारही सडांचं दूध तपासलं, गाठी नाहीत, रक्त नाही. सडांना भेगा नाहीत. म्हणजे दुखतंय म्हणून लाथ मारते, असं नव्हतं. माणूस मागून जवळ गेला की ती अंग चोरायची, डोळ्याचं पांढरं दिसायचं आणि शेपूट दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट दाबायची. ती भ्यालेली होती. चौथ्या दिवशीही.

म्हशीचा पान्हा गाईपेक्षा जास्त अडतो, त्याला शरीराची ठेवण कारण आहे. कासेत दूध दोन ठिकाणी असतं. थोडं खालच्या पोकळीत, सडांच्या वर साठलेलं, जे हातानं लगेच निघतं. बाकीचं वर, द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पिशव्यांत. गाईच्या खालच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्सा दूध असतं. मुऱ्हा म्हशींची मोजणी झाली आहे, तीत हा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे वीस वाट्यांतलं एकोणीस वाटे दूध वर, आणि ते हातानं ओढून खाली येतच नाही. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ती आवळली तरच दूध खाली उतरतं, आणि ती आवळते ऑक्सिटोसिन रक्तातून तिथं पोचल्यावर. पान्हा फुटतो तो असा.

ऑक्सिटोसिन तयार होतं मेंदूच्या तळाशी आणि रक्तात सुटतं पोषग्रंथीच्या (पिट्युटरीच्या) मागच्या भागातून. नऊ अमिनो आम्लांची ही एक छोटी साखळी. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट दु व्हिग्नो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. रक्तात ती काही मिनिटंच टिकते. म्हणून तर जाणती माणसं म्हणतात की पान्हावली की हात थांबवू नये.

आता भीतीचं. १९४१ मध्ये ईली आणि पीटरसन या दोघांनी गाईंवर एक साधा प्रयोग केला. धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. दूध अडलं. अॅड्रिनॅलीन टोचलं तरीही दूध अडलं, म्हणजे गाय समोर शांत उभी असली तरी भीतीचं रसायन एकटं पुरेसं होतं. मैनेच्या बाबतीत कागदी पिशव्यांच्या जागी सुतळी बॉम्ब होते. त्या रात्रीनंतर माणसांचा घोळका, हातातली दोरी आणि मागून येणारा माणूस या सगळ्यांची गाठ तिच्या डोक्यात दुखण्याशी बसली होती. दूध द्यायचं नाही असं ती ठरवत नव्हती. तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतच नव्हतं.

सुईनं दूध आलं, माया का आली नाही

मालकीणबाईंनी विचारलेला प्रश्न असा होता : "पान्हा फुटायचं औषध दिलं की दूध येतंय, मग त्याच औषधानं पारडाला का चाटंना?" हा प्रश्न कॉलेजात मला कुणी विचारला नव्हता, आणि तो अगदी मर्मावरचा आहे.

म्हैस व्यायते तेव्हा पारडाचं डोकं आणि खांदे गर्भाशयाचं तोंड आणि योनिमार्ग ताणतात. त्या ताणाची खबर मज्जातंतूंतून मेंदूला जाते. तिथं ऑक्सिटोसिन दोन वाटांनी सुटतं. एक वाट रक्तातून गर्भाशयाकडे आणि कासेकडे. दुसरी वाट मेंदूच्या आतच, वास ओळखणाऱ्या आणि भीती-ओढ ठरवणाऱ्या भागांकडे. पहिलीनं कळा आणि पान्हा, दुसरीनं माया. सुईतलं ऑक्सिटोसिन रक्तात जातं, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जे कुंपण आहे ते ओलांडून पुरेशा प्रमाणात आत पोचत नाही. म्हणून कासेला हुकूम मिळतो, मेंदूला निरोप मिळत नाही.

याचा पुरावा मेंढ्यांवर मिळालेला आहे. १९८३ मध्ये केव्हर्न, लेव्ही, पोइन्द्रों आणि लिंडसे यांनी दाखवलं की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन ही मादीची संप्रेरकं देऊन तयार केलेल्या, गाभण नसलेल्या मेंढ्यांच्या योनिमार्गाला पाचेक मिनिटं ताण दिला तर त्या समोर आणलेल्या नवजात कोकराला आपलं मानून चाटू लागतात. आपल्या कोकराशी आधीच जुळलेल्या मेंढ्यांनीही अशा ताणानंतर परकं कोकरू स्वीकारलं. १९८७ मध्ये केंड्रिक आणि केव्हर्न यांच्या गटानं ऑक्सिटोसिन थेट मेंदूतल्या पोकळीत सोडलं आणि तसाच परिणाम मिळाला. उलट, कमरेत भूल देऊन ताणाची खबर मेंदूपर्यंत पोचू दिली नाही, तर व्यायलेल्या मेंढीची कोकराबद्दलची ओढ मंदावते, हेही त्याच सुमाराला फ्रान्समध्ये दिसलं. धनगर लोक ज्या कोकराला आई घेत नाही त्याच्या अंगाला तिच्याच वारेचं पाणी चोळतात. ते ज्या दाराशी जातात तेच हे दार.

दार मात्र फार वेळ उघडं राहत नाही. गाभणपणाच्या शेवटी प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, आणि त्या चढउतारामुळे मेंदू त्या घडीपुरता तयार होतो. एरवी वारेच्या पाण्याचा वास जनावराला नकोसा असतो. व्यायल्यावर काही तास तोच वास हवासा वाटतो. ती चाटते, आणि चाटता चाटता याच पारडाचा वास पक्का होतो. पहिलारूत हे सगळं जास्त नाजूक असतं, कारण तिच्या मेंदूनं ही वाट आधी कधी चाललेली नसते. मैनेचे ते काही तास ट्रॅक्टरच्या उजेडात आखूड दाव्याला गेले, आणि पारडू धुऊन, पुसून, धुराच्या वासाचं करून तिच्यापुढं आलं.

हातमोज्यावरचा वास

बाळंतपण अडलेलं होतं, दोरीनं ओढलेलं होतं, आत जखम आहे का आणि वारेचा तुकडा राहिला आहे का हे बघणं भागच होतं. गोठ्यातल्या सगळ्यांना मी बाहेर काढलं. फक्त मालकीणबाई मैनेच्या मानेशी उभ्या राहिल्या. त्यांनी तिला वगार असल्यापासून आंबोण घातलं होतं. त्या तिच्या कानामागं खाजवत, "मैने, व्हय गं, व्हय" असं बारीक आवाजात बोलत राहिल्या. लांब हातमोजा चढवला, भरपूर वंगण लावलं आणि हळूहळू तपासायला लागलो.

जखम नव्हती. गर्भाशयाचं तोंड अजून पुरतं मिटलेलं नव्हतं. मी तिथं बोटं फिरवून खात्री करत होतो, तेवढ्यात मालकीणबाई एकदम म्हणाल्या, "डॉक्टर, सड बघा." मागच्या दोन्ही सडांतून दुधाचे थेंब आपोआप गळत होते. एक, मग दुसरा, मग बारीक धार. कासेला कुणाचा हात लागलेला नव्हता, सुई दिलेली नव्हती. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या मेंदूनं पान्हा सोडला होता.

मी पोराला हाक मारून पारडू आणवलं. हातमोज्यावर आतला ओला स्राव होता, तो पारडाच्या पाठीला, मानेला आणि शेपटीच्या बुडाला चोळला. वर थोडा मिठाचा आणि गुळाचा हात फिरवला. पारडू तिच्या नाकापुढं धरलं, कासेकडे नेलं नाही. आधी तोंडाची ओळख पटायला हवी होती.

मैनेनं नाकपुड्या फुलवल्या. बराच वेळ हुंगत राहिली. मग छातीतून, तोंड न उघडता, एक खोल बारीक आवाज काढला. म्हैस हा आवाज फक्त आपल्या पारडाशी काढते, आणि मालकीणबाईंना तो माझ्याआधी कळला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मैनेची जीभ बाहेर आली. आधी मीठ चाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मीठ संपल्यावरही ती चाटत राहिली.

इथं एक कडू गोष्ट सांगायला हवी. योनिमार्गाच्या ताणानं पान्हा सुटण्याची हीच वाट माणसानं फार पूर्वीपासून क्रूरपणानं वापरली आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी सिथियन नावाचे भटके लोक घोडीच्या मायांगात हाडाच्या नळीनं हवा फुंकून दूध काढतात, असं लिहून ठेवलं. आपल्याकडे त्याला फुंका म्हणत. गांधीजींनी गाई-म्हशीचं दूध सोडलं त्यामागं या फुंक्याची घृणा होती. पुढे आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावर ते शेळीचं दूध घेऊ लागले. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ नं फुंका गुन्हा ठरवला, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी सुई देणंही त्याच कलमात बसतं. म्हणून मी त्या घरात बजावून आलो की मी केलं ते तपासणीचा भाग होतं. ते धारेसाठी कुणीही, कधीही करायचं नाही.

पुढचे सहा दिवस

एका सकाळीत सगळं जुळलं असं नाही. त्याच संध्याकाळी मैनेनं पारडाला पुन्हा लाथ मारली. फरक एवढाच की शिंग रोखलं नाही. सुई मी त्याच दिवसापासून बंद केली. रोज बाहेरून ऑक्सिटोसिन मिळत राहिलं की जनावराचा आपला पान्हा मंदावतो, आणि सुई थांबवल्यावर दूध जास्तच अडतं. गाईंवरच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे. शिवाय चिठ्ठी नसलेल्या बाटलीत औषध किती तीव्र आहे हे कुणालाच माहीत नसतं. (दुधातून ते माणसाला बाधेल ही भीती मला फारशी पटत नाही, पोटात ते पचून जातं. खरी हानी म्हशीची होते.) २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ऑक्सिटोसिन बनवण्याचा हक्क एकाच सरकारी कंपनीपुरता ठेवायचं ठरवलं, पण बाळंतपणातल्या रक्तस्रावात बायकांचे जीव वाचवायला तेच औषध लागतं. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. औषध गरजेचंच आहे, ते रोजच्या धारेचं नाही.

घरच्यांना मी क्रम ठरवून दिला. धारेला एकच माणूस, तो म्हणजे मालकीणबाई. वेळ पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच, चुकवायची नाही. आधी आंबोण पुढ्यात, मग पारडू नाकापुढं, मग कासेला कोमट पाण्याचा हात, मग पारडू सडाला. म्हशीला पान्हावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरायचा. पान्हा आला की पारडू बाजूला, आणि सहा-सात मिनिटांत धार संपवायची. शेवटी एक सड पारडासाठी राखायचा. पारडू रेडा होता. रेड्याला दूध कशाला, असं आपल्याकडे म्हणतात आणि त्याला उपाशी मारतात. या घरात तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर. तिसऱ्या दिवशी दीड. चौथ्या दिवशी फोन आला, "आज लाथ न्हाई मारली." सहाव्या दिवशी सकाळच्या धारेला साडेतीन लिटर, आणि कळशीचा आवाज ऐकूनच सड ताठ झाल्याचं मालकीणबाईंनी सांगितलं. हेही शरीराचंच शहाणपण. ठरलेला आवाज, ठरलेला हात आणि ठरलेली वेळ जुळली की ऑक्सिटोसिन हात लागायच्या आधीच सुटतं. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. गाड्या, माणसं, गोंगाट, तरी त्या पंढरपुरी म्हशी भरभरून पान्हावतात. तो गोंगाट त्यांच्या ओळखीचा असतो, आणि गवळ्याचा हात त्याहून ओळखीचा.

पुन्हा चोरायला लागली?

पौषात, व्यायल्यापासून चौऱ्याहत्तराव्या दिवशी पुन्हा फोन. "मैना परत चोराय लागलीया. काल सांजच्याला निम्मं बी दूध दिलं न्हाई." आवाजात निराशा होती. मी विचारलं, रात्री ओरडली का? नाही. अस्वस्थ होती का? थोडीशी, सारखी मुतत होती. मी म्हटलं, उद्या पहाटे ती बसलेली असताना शेपटीखाली आणि जमिनीवर बत्ती मारून बघा.

पहाटे काचेच्या धाग्यासारखा स्वच्छ, लांब सोट (चिकट स्राव) तिच्या शेपटीला चिकटलेला सापडला. मैना माजावर आली होती, म्हणजे पुन्हा गाभण राहायला तयार.

म्हशीचा माज मुका असतो. गाय माजावर आली की गल्ली जागी करते. म्हैस बऱ्याचदा रात्रीच्या थंडाव्यात गुपचूप माज दाखवते आणि उजाडेपर्यंत विझते. अंडाशयात पुटक (अंड्याची पिशवी) पिकतं, इस्ट्रोजेन चढतं, वागणं बदलतं, पण इतकं थोडं की मालकाच्या नजरेतून सुटतं. रेडा सोबत असेल तर त्याला कळतं. तो मूत हुंगून वरचा ओठ उलटा करून मान वर ताणतो, तो त्या वासाचीच परीक्षा घेत असतो. ज्या घरी रेडा नाही तिथं एका वेळचं अडलेलं दूध हीच कित्येकदा एकमेव खूण. पारडू पाजत असलेल्या म्हशीत माज लांबतो, कारण सडाला लागणारं तोंड मेंदूतल्या प्रजननाच्या साखळीला मागं ओढत असतं. मैनेचा चौऱ्याहत्तराव्या दिवशीचा माज त्या मानानं वेळेवरच होता, आणि थंडीचे लहान दिवस म्हशीला त्यासाठी मानवतातही.

पहाटे सोट दिसला, संध्याकाळी कृत्रिम रेतन केलं. दुसऱ्या दिवशी दूध पूर्ववत. एकविसाव्या दिवशी आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे चार पहाटा मालकीणबाई बत्ती घेऊन बसल्या, सोट दिसला नाही. अडीच महिन्यांनी हात घालून पाहिलं तर गाभण.

म्हशीचा गाभणकाळ साधारण दहा महिने दहा दिवस. हिशेबानं व्यायची तारीख मार्गशीर्षात येत होती. आठव्या महिन्यात मैना आटवली, तेव्हाच घरच्यांना सांगून ठेवलं होतं : गोठ्यात दिवा एकच, माणूस एकच, दावं लांब. पाय दिसल्यावर तासभर पुढं सरकलं नाही तर मला फोन. पारडू पडलं की धुवायचं नाही, उचलायचं नाही, तिच्या तोंडापाशी सरकवून मागं व्हायचं.

फोन पहाटे सव्वाचारला आला. मी पोचेपर्यंत पाच वाजले होते. बॅग उघडायची वेळ आली नाही. मालकीणबाई गोठ्याच्या दाराशी पोत्यावर बसल्या होत्या, बोट ओठांवर ठेवून त्यांनी मला बाहेरच थांबवलं. आत अंधारात जिभेचा खरखरीत आवाज येत होता, मध्येच तो छातीतला बारीक आवाज. वगार झाली होती, अजून पुरती उभी राहायची होती. ती कासेपर्यंत पोचलीही नव्हती, आणि मैनेच्या मागच्या सडांतून चीक गळत होता.